दहा माणसांत आम्ही तीन

न्यूअर्कच्या विमानतळावर माझा अमेरिकेतला पहिला सौदा फसला. बॅगेतून सब्जाची जुडी निघाली. ओल्या फडक्यात गुंडाळून अलिबागहून ठाण्याला आणि ठाण्याहून समुद्रापार मी ती सांभाळून आणली होती. तपासणीच्या बाई म्हणाल्या, झाडपाला चालणार नाही. मी म्हणालो, "मॅडम, हाफ यू कीप, हाफ आय टेक." मी आयुष्यभर पाडलेल्या इमारतींची दारं-खिडक्या विकल्या. अर्धं देऊ केलं की समोरचा निदान विचारात पडतो, असा माझा अनुभव. बाई पडल्या नाहीत. जुडी पिंपात गेली आणि वर "हॅव अ नाइस डे". मी तावातावाने बोलायला लागलो तर मागच्या रांगेतल्या माणसाने हेडफोन लावले. माझ्या रागाला ठाण्यात किंमत आहे. तिथे शून्य.

सब्जा कशाला हवा होता ते सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच आहे.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. पूर्वजांची गलबतं किनाऱ्यावर फुटली, वाचले ते अष्टागरात राहिले, तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आमच्याकडे लग्नाआधी मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची घालायची, भोवती फळं मांडायची, वासासाठी सब्जा ठेवायचा आणि एलियाहू पैगंबराची आठवण काढायची. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यूला हे ठाऊक नाही. आमच्या घरातलं कुठलंही लग्न मलिद्याशिवाय झालेलं नाही, आणि रिबकाताईच्या नातीचं होऊ देणार नव्हतो.

रिबकाताई माझी थोरली बहीण. आता ऐंशी ओलांडली. ती एकोणीस वर्षांची असताना इस्राएलला गेली. मी गेलो नाही. नुसता गेलो नाही असं नाही, मी त्या देशात पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं आणि आजवर ठेवलेलं नाही. ती तीनदा इकडे आली. या खेपेला तिची नात ताली एका अमेरिकन मुलाशी लग्न करत होती, म्हणून आम्हा दोघांना भेटायला त्रयस्थ जागा मिळाली: न्यू जर्सी.

आयसेलिन

उतरलो मंदारकडे. मंदार माझ्या ठाण्याच्या भागीदाराचा मुलगा. वीस वर्षं तिकडे सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची बायको गौरी पुण्याची. त्यांची आठ वर्षांची ईरा मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. पहिल्याच जेवणात तिने मला नीट न्याहाळलं.

"आजोबा, तुम्ही are you like, Jewish-Jewish?"

"ईरा!" गौरी ओरडली.

"विचारू दे," मी म्हणालो. "मोठमोठ्या धर्मगुरूंनी विचारलंय ते. ही तर लहान आहे."

मंदार हसला, कारण त्याला गोष्ट ठाऊक होती. तुम्हाला सांगतो.

ताई तिकडे वाळवंटातल्या एका नव्या गावात कापडगिरणीत लागली. तिथे तिला शालोम भेटला, मोरोक्कोतून आलेला. लग्न ठरलं. नोंदणीला गेले तर धर्मपीठाचे लोक म्हणाले, हिची आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण, मध्येच कुणी बाहेरची मिसळली नाही कशावरून? आमच्यात मूल ज्यू की नाही ते आईवरून ठरतं. शालोमला एक प्रश्न नाही. सगळे प्रश्न कोकणातल्या पोरीला. ही बातमी घरी आली तेव्हा मी शाळेत होतो. बाबा घाण्याशी उभे होते. म्हणाले, "एवढी शतकं शनिवार पाळला, तो यांना दाखवायला पाळला होता का?" त्या दिवशी शनिवार नव्हता, पण त्यांनी बैल सोडला.

पुढे तिथे आमची माणसं बायकापोरांसकट जेरुसलेमला धरणं धरून बसली. ताईही बसली. शेवटी त्यांच्या संसदेला ठराव करावा लागला की हे लोक ज्यू आहेत, पूर्ण ज्यू आहेत. ताईचं लग्न लागलं. पण बाबा मेले ते तिला पुन्हा न बघता, आणि मेले ते अपमान घेऊन. तो मी वारशाने घेतला. बाकी इस्टेट काही नव्हती.

मॉर्टीचं घर

नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव मॉर्टी. आयसेलिनपासून अर्ध्या तासावर त्यांचं घर. आयुष्यभर गालिचे विकले. मला बघताच त्यांनी माझा हात धरून मला दिवाणखान्यातल्या गालिच्यावर उभं केलं आणि विचारलं, "डेव्हिड, काय भाव असेल?" मी बूट काढून एक कोपरा उलटला, गाठी बघितल्या आणि त्यांना वाटलं होतं त्याच्या निम्मा भाव सांगितला. ते इतके खूश झाले की बायकोला हाक मारून मला दाखवलं.

ताई तिच्या मुलाबरोबर, अवीबरोबर, आधीच येऊन बसली होती. तिची मुलगी ओरा, म्हणजे तालीची आई, जावयासह होती. ताई पुष्कळ वाकली आहे. मी पाया पडायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, खाली गेलास तर तुला उचलायला अवी लागेल."

जेवायला मासा होता. मी सुखावलो. पहिला घास घेतला आणि तोंडातच थांबलो. माशाचे वाफवलेले गार गोळे, आणि त्यांत साखर! आमच्याकडे माशाला कोकम लागतं, ओलं खोबरं लागतं, मिरची लागते. साखर घातलेला मासा मी या वयापर्यंत ऐकलासुद्धा नव्हता. ताईने माझं तोंड बघून मराठीत सांगितलं, "गिळ. हा यांचा सणाचा पदार्थ आहे. माझ्या सासूने मला खोबऱ्या-कोकमाविना मासा केला तेव्हा मी रडले होते. प्रत्येकाचा मासा वेगळा."

मग मॉर्टींनी विषय काढला. ते सात वर्षांचे असताना रेडिओवर बातमी आली की ज्यूंचं राज्य होणार. वडिलांच्या खांद्यावर बसून ते ब्रुकलिनच्या रस्त्यात नाचले. घरात निळा डबा होता, दर शुक्रवारी त्यात नाणं पडायचं, वाळवंटात झाडं लावायला. सांगताना त्यांचे डोळे भरले. खोटे नव्हते.

"आणि तुम्ही?" ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस साली तुमचे वडील घरी का नाही गेले?"

"घरीच होते ते."

"आय मीन, होम."

"मीसुद्धा तेच म्हणतोय. आमच्या गावातून ज्यू म्हणून आम्हाला कुणी कधी हाकललं नाही. दगड मारला नाही. तुमचं राज्य झालं त्याच्या नऊ महिने आधी आमच्याकडे झेंडा चढला होता. बाबा म्हणायचे, एक स्वातंत्र्य अजून नीट बघून झालं नाही, दुसरं कुठे बघायला जाऊ?" मंदार शेजारी बसून जमेल तसं इंग्रजीत घालत होता. मला राहवेना. "आणि मॉर्टी, तुमचं काय? तुम्ही का नाही गेलात?"

मॉर्टींनी काटा खाली ठेवला. "आय हॅड द स्टोअर," ते म्हणाले.

पहिली ताई हसली, मग मॉर्टींची बायको, मग स्वतः मॉर्टी. नवरा मुलगा जोश म्हणाला, त्याच्या पिढीला त्या राज्याबद्दल बरंच बोलायचंय, आणि ते नाचण्यासारखं नाही. मॉर्टी लाल झाले. ताली दोघांकडे बघत म्हणाली, "माझा भाऊ आत्ता तिथे सैन्यात आहे. तुम्ही दोघं सॅलड घ्या."

दोघांनी सॅलड घेतलं आणि मॉर्टींनी खरी गोष्ट काढली. लग्न त्यांचे रब्बाय लावणार. रब्बाय म्हणजे आमचे धर्मगुरू. त्यांची एक छोटीशी अट होती.

लग्नाआधी ज्यू नवरी विधिस्नानाच्या कुंडात बुडी घेते. यात काही नवीन नाही, प्रत्येक नवरी घेते. रब्बायना एवढंच हवं होतं की ताली बुडी घेईल तेव्हा दाराबाहेर तीन साक्षीदार उभे असावेत. कुणी काही बोलायचं नाही. कुणाला कळायचं नाही. आजीच्या बाजूने काही शंका असलीच तर मिटलेली बरी, एवढंच.

मी दारांचा व्यापारी आहे. साधं सागवान तेच, पण पावतीवर 'दुरुस्त केलेलं' लिहिलं की माल कमी दर्जाचा ठरतो. बुडी तीच, पाणी तेच. बाहेर तीन साक्षीदार उभे राहिले की ती नवरीची बुडी राहत नाही, धर्मांतराची होते. म्हणजे ताली आजवर ज्यू नव्हती. म्हणजे ओरा नव्हती. म्हणजे ताई नव्हती. म्हणजे बाबा...

मी उठलो. खुर्ची पडली. मराठीत काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मंदारने भाषांतर करणं थांबवलं. जोश पांढरा पडला, ताली रडू लागली. लग्न तिथेच मोडलं असतं.

"दाविद, बस खाली," ताई म्हणाली. "मासा संपव."

परतताना गाडीत मंदार म्हणाला, "काका, हे आमच्या ग्रीन कार्डसारखंच आहे यार. वीस वर्षं टॅक्स भरतोय, घर घेतलं, मुलगी इथली. तरी स्टेटस पेंडिंग."

"तू काय करतोस मग?"

"वेट करतो."

"मी नाही करत," मी म्हणालो. आणि गाडी आयसेलिनला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात सौदा तयार होता.

ओक ट्री रोड

आमच्यात सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा ज्यू पुरुष. नऊ असले तर मेलेल्या माणसासाठी म्हणायची कदिश ही प्रार्थना म्हणता येत नाही. राजा आला तरी नाही. आता बघा: त्या आठवड्यात गुरुवारी शालोमचा श्राद्धदिवस येत होता. अवी बापासाठी कदिश म्हणणार होताच. मी ताईला म्हटलं, मलिदाही त्याच दिवशी करू, मॉर्टींच्याच घरी, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघराच्या सोवळ्याचा प्रश्न नको. रब्बायना बोलावू. मॉर्टींना फोन केला. झाल्या प्रकाराने ते शरमले होते, लगेच हो म्हणाले.

मी माणसं जुळवली. जोश, त्याचे वडील, मॉर्टी, दोन काका, ओराचा नवरा आणि रब्बाय. हे सात, ज्यांच्याबद्दल कुणाला शंका नाही. मी, अवी, आणि क्वीन्समध्ये राहणारे पेणचे सॅमसनकाका. हे तीन शंकेचे. मॉर्टींच्या भावाला यायचं होतं, त्याला मीच गोड बोलून टाळलं. आमच्याशिवाय दहा होताच कामा नयेत. रब्बाय आम्हाला धरून कदिशला आमेन म्हणाले की संपलं: आम्ही ज्यू. मग साक्षीदार कसले? आणि नाही म्हणाले, तर शालोमच्या कदिशला नाही म्हणाले, सगळ्यांच्या देखत.

खरेदीला ताईला घेऊन ओक ट्री रोडला गेलो. साड्यांची आणि दागिन्यांची दुकानं, पानाच्या टपऱ्या, फुटपाथवर मराठी, गुजराती, तेलुगू. घरी आल्यासारखं वाटलं, फक्त भाव छापील. पोह्यांच्या दुकानदाराशी हुज्जत घातली.

"अंकल, यह इंडिया नहीं है," तो म्हणाला.

"मग पोहे इथे पिकतात का?"

त्याने एक खोबऱ्याचं गोठवलेलं पाकीट फुकट दिलं. ताई हसत होती. मलिद्याबरोबरच्या शरबतासाठी काळ्या मनुका घेतल्या. सब्जा कुठेच मिळाला नाही.

डोसा खाताना ताईने विचारलं, "मॉर्टीच्या भावाला का टाळलंस?"

मी इकडचं तिकडचं सांगितलं. ती मला ओळखते. तिने हिशोब करायला अर्धा डोसासुद्धा घेतला नाही.

"माझ्या नवऱ्याच्या नावाने सापळा लावलास?"

"तुझ्यासाठी लावला."

"माझ्यासाठी नाही. मी धरण्याला बसले तेव्हा मला कुणाचं आमेन नको होतं. माझं लग्न माझ्या हक्काने हवं होतं. तू इतकी वर्षं लांब बसून अजून त्यांच्या तराजूकडे बघतोयस."

"मग तू अशा राज्यात राहिलीस कशी? ज्याने तुला दारात उभं केलं?"

"दारात उभं केलं म्हणूनच. भांडले, आत गेले, आता ते घर माझं आहे. तू न भांडता तिकडे ठाण्यात रुसून बसलास, बाबांसारखा." तिने चटणी माझ्याकडे सरकवली. "गुरुवारी तोंड उघडायचं नाहीस. कबूल?"

मी कबूल झालो नाही. मान हलवली, ती कशीही वाचता येते.

गुरुवार

मॉर्टींच्या स्वयंपाकघरात ताईने पोहे भिजवले. ओरा आणि ताली खोबरं कालवत होत्या. सब्जा नाही म्हणून ताई हळहळली, तेव्हा मॉर्टी मागच्या दारी गेले आणि कुंडीतली तुळशीसारखी पानं घेऊन आले, जी ते लोक पास्त्यात घालतात. ताईने चुरून वास घेतला. "चुलत बहीण आहे," ती म्हणाली. "चालेल."

रब्बाय तरुण होते, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. नम्र. मला राक्षस हवा होता, तो मिळाला नाही. त्यांनी मलिद्याचं ताट बघून खूप प्रश्न विचारले आणि सॅमसनकाकांनी पेणच्या मराठी-इंग्रजीत उत्तरं दिली. मग दुपारच्या प्रार्थनेची वेळ झाली. पुरुष दिवाणखान्यात त्या गालिच्यावर उभे राहिले.

ज्यू माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, अशुभ मानतात. दहा शब्दांचं एक वचन आहे. माणसागणिक एक शब्द मनात म्हणायचा. वचन पुरं झालं की दहा झाले. रब्बाय उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलू लागले. मी त्यांच्या नजरेवर नजर ठेवली. जोश. त्याचे वडील. काका, काका. मॉर्टी. ओराचा नवरा. स्वतः. नजर खिडकीशी उभ्या सॅमसनकाकांवर गेली आणि ओठ थांबले.

सातव्या शब्दावर.

"रब्बाय?" मॉर्टी म्हणाले. "वी हॅव टेन, नो?"

रब्बायनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. शाळकरी वयापासून तयार होतं, फक्त इंग्रजीत केलेलं होतं. मी श्वास घेतला.

"अवी," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. ताई उभी होती, हाताला खोबरं लागलेलं. ती हिब्रूत बोलली. तालीने मला नंतर शब्द न शब्द सांगितला. "अवी, सुरू कर. रब्बाय, तुम्ही सावकाश मोजा. माझ्या नवऱ्याला थांबायला वेळ नाही."

मग रब्बाय जरासे वाकले आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. ती संपल्यावर अवी पुढे आला आणि बापासाठी कदिश म्हणू लागला. पहिलं आमेन मॉर्टींचं, भिंत हलेल असं. मग जोशचं. मग सगळ्यांचं. मी फक्त एक तोंड बघत होतो. आणि रब्बाय आमेन म्हणाले. डोळे मिटून, मोठ्याने. पुढच्या प्रत्येक ओळीला म्हणाले.

मी स्वयंपाकघरात धावलो. "ताई! म्हणाला तो! मी डोळ्यांनी बघितलं!"

ताई पदराने डोळे पुसत होती. "मी नाही बघितलं," ती म्हणाली. "मी कदिश ऐकत होते."

थोड्या वेळाने रब्बाय हातात मलिद्याची बशी घेऊन आले. ताईसमोर उभे राहून म्हणाले, ताली आजीबरोबर कुंडावर जाईल, दुसऱ्या कुणाची गरज नाही. मी विचारलं, "अँड सॉरी?" ताईने माझ्या पायावर पाय दिला. रब्बायनी मात्र ऐकलं होतं. मान खाली घालून "येस. सॉरी," म्हणाले आणि बशी पुढे करून आणखी मलिदा मागितला. त्या बाबतीत माणूस चोख होता.

लग्न रविवारी झालं. जोशने रिवाजाप्रमाणे पायाखाली काच फोडली, मॉर्टी नाचले, मीही नाचलो, गुडघा दोन दिवस सुजला होता.

परतीच्या वाटेवर

ताईचं आणि माझं विमान एकाच दिवशी होतं. मंदारने दोघांना न्यूअर्कला सोडलं. बाकावर बसल्यावर ताईने विचारलं, "आता तरी येशील?"

"नाही. आधी त्यांनी माफी मागायची. त्या पोराने नाही, त्या राज्याने. बाबांची."

"राज्य कोण?"

"म्हणजे?"

"मी तिथे गिरणीत काम केलं, धरणं धरलं, मुलं वाढवली, नातू सीमेवर आहे. त्याचं भलं केलं ते माझं, वाईट केलं तेही माझंच. मीच ते राज्य आहे, दुसरं कोण?" तिने माझा हात हातात घेतला. "तर मी मागते. बाबांची माफी, तुझी माफी. चुकलं आमचं. झालं? ये आता."

मी इतके सौदे केले. पहिल्याच बोलीला समोरच्याने पूर्ण मागणी मान्य केली, असं कधी झालं नव्हतं. असं झालं की पुढे काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी म्हणालो, "विचार करतो."

"कर. येताना सब्जा आण. आमच्या विमानतळावर अडवलं तर मी भांडेन."

ठाण्याला आल्यावर खिडकीतल्या कुंडीत सब्जा पेरला. वीतभर झाला आहे. तिकीट अजून काढलेलं नाही. भाव उतरण्याची वाट बघतोय. दुसरं काही कारण नाही.